मौलानांची उत्तरं

लातूरच्या एका वसतिगृहात माझी नेमणूक समुपदेशक म्हणून झाली. मानसशास्त्रात एम.ए., वर एक डिप्लोमा, आणि उदगीरला अप्पांच्या किराणा दुकानात बसून गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकल्याचा लहानपणापासूनचा अनुभव, एवढी शिदोरी घेऊन मी गेले. तिसऱ्या दिवशी मला कळलं की माझं खरं काम खोलीत बसून राहणं हे आहे.

वसतिगृह मुसलमान मुलींचं. देगलूर, मुखेड, निलंगा, कुठून कुठून डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेच्या क्लाससाठी आलेल्या सत्तर पोरी. त्यांच्या मनाची तब्येत सांभाळायला ट्रस्टनं एक मौलाना आधीच ठेवलेले होते. पण परक्या पुरुषासमोर मुलीनं एकटीनं बसायचं नाही, हा त्यांचा दंडक. तेव्हा खोलीत कुणीतरी बाई हवी होती. ती शिकलेली मिळाली तर दुधात साखर, एवढाच माझ्या पदवीचा उपयोग. मला भयंकर राग आला. आमच्या घरातल्या सगळ्याच बायका रागीट आहेत, त्यात मी जरा जास्त. पहिल्याच आठवड्यात मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. पुढे कधीतरी त्याच्या पाठीवर भाजीची यादी लिहिली आणि तो मंडईत हरवला.

मौलाना साठीच्या पुढचे, उंच, काटकुळे, दाढीला मेंदी लावलेली. जुन्या लुनावरून यायचे. डोक्यावर टोपी आणि टोपीवर हेल्मेट. फाटकाशी हेल्मेट काढलं की टोपी आतच राहायची. मग ते हेल्मेटात हात घालून ती चाचपडत शोधायचे, नीट डोक्यावर बसवायचे, आणि मगच वॉचमनला सलाम करायचे. बोडक्या डोक्यानं केलेला सलाम कच्चा, असं त्यांचं मत. खांद्याला खताच्या दुकानात फुकट मिळालेली कापडी पिशवी. त्यात तीन-चार जाड किताबं आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी.

परक्या बाईकडे बघायचं नाही, नजर खाली ठेवायची, हा नियम पुष्कळ लोक सांगतात. मौलाना तो पाळायचे. त्यामुळे सत्तर मुलींपैकी एकीचाही चेहरा त्यांना माहीत नव्हता. ते मुलींना चपलांवरून ओळखायचे. "निळ्या पट्ट्याची दोन दिवस दिसली न्हाई, ताप आलाय का?" असं विचारायचे आणि खरंच तिला ताप आलेला असायचा. मी दिवाळीत नवी सँडल घेतली. ती घालून खोलीत शिरले तर मौलाना अदबीनं म्हणाले, "बसा. आमच्या मॅडम येतीलच इतक्यात." मी म्हटलं, "मौलाना, मीच ती." तर त्यांचा चेहरा एवढा पडला की मी आठवडाभर जुनीच चप्पल घालून आले.

त्यांचे वडील देवणीकडचे, बैलांचे जाणकार. बाजारात लोक त्यांना बोलावून नेत, हा बैल घेऊ का म्हणून विचारायला. मौलाना सांगायचे, "जनावर पायाकडून बघतेत, मॅडम. तोंड फसवतंय. पाय न्हाई फसवत." माणसांनाही हेच लागू आहे का, असं मी विचारलं तर म्हणाले, "माणसाचं तर लईच."

कुणी मुलगी रडत आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "नाश्ता केलीस का, बेटा?" नसेल केला तर शेंगदाण्याची पुडी पुढे. भुकेल्या माणसाला मसला सांगू नये, हे त्यांचं लाडकं वाक्य. मसला म्हणजे धर्मातला बारीक नियम, अमुक झालं तर काय करावं, तमुक झालं तर काय. दाणे संपेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसायचे. अर्ध्या मुलींचं रडणं तेवढ्यातच थांबायचं. मी कॉलेजात ज्याला एक अख्खा धडा खर्ची पडलेला पाहिला होता, ते हा माणूस मूठभर दाण्यांत उरकायचा. मला ते बघून बरंही वाटायचं आणि चीडही यायची.

तावीज मागायला येणाऱ्या आया ही त्यांची डोकेदुखी. निलंग्याच्या एका बाईंनी तर हट्टच धरला. पोरीला पेपरात आठवत नाही, काहीतरी बांधून द्या. मौलानांनी दोन-तीनदा नको-नको म्हटलं, मग गपचूप कागदावर काहीतरी लिहिलं, घडी घातली, म्हणाले, "हे गळ्यात न्हाई बांधायचं. रोज सकाळी उघडून वाचायचं." बाई दुवा देत गेल्या. मुलीनं नंतर मला दाखवलं. आत लिहिलं होतं, 'सात तास झोप. मोबाईल अम्मीच्या पिशवीत. सकाळी पोळी खाल्ल्याबिगर क्लासला जाऊ नये.' खाली सही. मुलीनं ते इमानानं पाळलं, आणि निलंग्यात मौलानांच्या ताविजाचा बोलबाला झाला.

माझ्या शास्त्राबद्दल त्यांना आदर होता, पण जरा दुरून. "तुमच्यात फॉर्म लई भरून घेतेत," एवढीच तक्रार. त्यांचा खरा अभिमान वेगळा होता. "माझ्या दारातून फकीर आणि सवाल रिकामा जात न्हाई," असं ते छाती काढून म्हणायचे, आणि ते अक्षरशः खरं होतं. कुणीही काहीही विचारावं. उत्तर तोंडावर नसलं तर "उद्या सांगतो" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी तीन किताबांमध्ये खुणेच्या चिठ्ठ्या घालून हजर. एकदा मी त्यांची फिरकी घ्यायला विचारलं, "मौलाना, आमच्या सोमवारच्या उपासाला कॉफी चालते का?" ते गंभीर झाले. म्हणाले, हे माझ्या हद्दीतलं नाही, पण विचारून सांगतो. पुढच्या आठवड्यात लग्नाला म्हणून उदगीरला गेले, तिथे चक्क आमच्या मठात जाऊन स्वामींना विचारून आले. "चालते म्हणाले. साखर कमी घाला म्हणाले." अप्पांनी मला त्या रात्री फोनवर विचारलं, मठात एक मौलाना येऊन तुझ्या कॉफीची चौकशी करत होते, हे काय आहे?

ही उत्तरांची हौस एका मुलीच्या अंगाशी आली. त्यात माझ्या रागाचाही थोडा हात आहे, म्हणून सगळं सांगते.

ती देगलूरची. वडील शिंपी. नीटची दुसरी खेप, आणि यंदा नाही झालं तर घरी परत, असं आधीच ठरून आलेली. मौलानांच्या भाषेत 'काळ्या सँडलवाली'. हुशार, शांत, आणि सगळ्या वसतिगृहात धार्मिक म्हणून नावाजलेली. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात त्याला वजू म्हणतात. बाकीच्या मुली दोन मिनिटांत वजू उरकून मोकळ्या होत, ही अर्धा अर्धा तास नळाशी. आमच्या लातुरात पाणी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. टाकी रिकामी झाली की टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसावं लागतं. तरी रेक्टरबाई तिला काही बोलत नसत. उलट दुसऱ्या मुलींना ऐकवत, बघा जरा तिच्याकडं.

ती वहीत प्रश्न लिहून आणायची. टाकीत चिमणीचं पीस सापडलं, पाणी पाक, म्हणजे शुद्ध, राहिलं का? केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये हाताला स्पिरिट लागलं, कितीदा धुवायचं? कोपराला पाणी लागलं की नाही आठवत नाही, मग नमाज झाला का? आधी आठवड्याला एक प्रश्न, मग रोज एक, मग दिवसाला चार. मौलाना खूश. पिशवीतली किताबं तिनाची सहा झाली. एकेका प्रश्नाला चारी बाजूंनी उत्तर द्यायचे. अमुक इमामांचं म्हणणं असं, तमुकांचं तसं, आणि सावधगिरी म्हणून असं केलेलं बरं. ती वहीत उतरवून घ्यायची. दुसऱ्या दिवशी त्या सावधगिरीतून दोन नवे प्रश्न निघालेले असायचे. "अशी शागीर्द मला मदरशात बी भेटली न्हाई," मौलाना मला म्हणाले होते.

मला खटकलं ते तिच्या सराव परीक्षेत. येत असलेले चाळीस-चाळीस प्रश्न ती सोडून यायची. विचारलं तर म्हणाली, "गोल नीट भरलाय का ते परत परत बघते, मॅडम. पुढं जायला वेळच उरत नाही." मग मला माझी आत्या आठवली. ती आधी नळ धुवायची, मग त्या नळाखाली हात धुवायची, मग हातानं नळ बंद केला म्हणून पुन्हा हात. आम्ही तिला देवभोळी म्हणून हसायचो. तिला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही, आणि ती तशीच गेली.

मी हे मौलानांना शांतपणे सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "ही मुलगी आजारी आहे, आणि तुम्ही तिला आणखी आजारी पाडताय."

मौलानांनी खिडकीकडं बघत म्हटलं, "मॅडम, तुम्हाला नमाज बी बिमारी वाटून राहिली का?"

चार दिवस आम्ही एका खोलीत बसून एकमेकांशी बोललो नाही. पाचव्या दिवशी ती आली. नेहमीप्रमाणे वही उघडून प्रश्न वाचला, मौलानांनी किताब उघडली, दोन वाक्यं बोलले आणि मध्येच थांबले. ती अनवाणी आली होती. सँडल पायात जातच नव्हती. पाण्यानं पाय पांढरे पडलेले, टाचा उकललेल्या, आणि बोटांच्या बेचक्यांत रक्त. मी रोज तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहरा तिनं छान सांभाळलेला होता. पाय या माणसालाच दिसले.

"बेटा, हे काय झालं?"

"वजूमुळं."

"एका नमाजाला कितीदा करतीस?"

तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग म्हणाली, "आठ. कधी नऊ. झालं म्हणून उठते आन शक येतो, पाय राहिला म्हणून. मग पहिल्यापासून. मौलाना, मला थांबता येईना गेलंय."

मौलानांनी किताब मिटली. मुलीसमोरच, मान खाली ठेवून मला विचारलं, "मॅडम, तुमचं शास्त्र काय म्हणतंय?" अडीच वर्षांत त्यांनी मला समुपदेशक म्हणून विचारलेला तो पहिला प्रश्न. हा शंकेचा आजार आहे, डॉक्टरला दाखवायला हवं, असं मी सांगितलं.

ती गेल्यावर त्यांनी किताब पिशवीत घातली. मग म्हणाले, "आमच्यात हे लिहिलेलं हाय. वसवसा म्हणतेत. शक लई येत असंल त्या माणसाला बारकावे सांगू नये, शकाकडं बघू नको म्हणावं, दुसऱ्यांदा करू देऊ नये. मीच पढवलो हे पोरांना. तीस वर्षं पढवलो. आन डोळ्यांपुढं आलं तर मला वाटलं, काय शागीर्द मिळालीय." मला वाटलं होतं, मी जिंकल्याचा आनंद होईल. अजिबात झाला नाही.

तिच्या वडिलांना बोलावलं. ते ऐकेनात. "माझी लेक अल्लाहवाली हाय. तिला पागलांच्या डॉक्टरकडं नेऊ का?" माझी सगळी वाक्यं त्यांच्यावरून वाहून गेली. मग मौलाना म्हणाले, "भाई, तिच्या बिमारीत माझा हात हाय. मी इल्म दाखवत बसलो आन पोरीचे पाय फाटले. तुम्ही न्हाई नेलात तर मी नेतो, पर माझी चूक मला दुरुस्त करू द्या." एवढा मोठा माणूस आपल्यासमोर चूक कबूल करतोय, हे त्या शिंप्याला सहन झालं नाही. ते उठले आणि म्हणाले, चला, कुठं जायचं ते सांगा.

डॉक्टरीणबाई लातूरच्याच, स्वभावानं रोखठोक. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं, आणि मौलानांकडे वळून म्हणाल्या, "आता तुमचं औषध. इथून पुढे तिच्या शंकेच्या एकाही प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. उत्तर मिळालं की तिला घटकाभर बरं वाटतं आणि शंका दुप्पट होऊन येते. वजू एकदा, नळ बंद, पुढे काय वाटायचं ते वाटू दे."

"मग ती विचारल तेव्हा मी काय म्हणू?"

"माहीत नाही म्हणा."

मौलाना हादरलेच. परतताना रिक्षात दोनदा म्हणाले, "माहीत न्हाई म्हणायचं? मी?"

पहिल्या आठवड्यात ते सपशेल नापास झाले. तिनं विचारलं, नाकात पाणी पुरेसं गेलं नसेल तर? मौलाना ओठ घट्ट मिटून बसले. कपाळावर घाम आला. मग भिंतीकडे तोंड करून भिंतीला म्हणाले, "सहज एक गोष्ट आठवली. नाकात पाणी घालणं ही सुन्नत हाय, केलं तर चांगलं; फर्ज न्हाई, राहिलं तरी वजू होतोय." मी टेबलावर हात आपटला. "भिंतीला सांगत होतो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी किताबांची पिशवी माझ्या कपाटात ठेवली आणि किल्ली मला ठेवायला सांगितली. म्हणाले, जवळ असली की हात जातो.

मुलीला हे फार जड गेलं. ती रडली, चिडली, एकदा तर मौलानांना म्हणाली, "तुम्हाला माझा नमाज जाया गेला तरी चालतंय." ते ऐकून ते दुपारी जेवले नाहीत. पण उत्तर दिलं नाही. हळूहळू नळाचा आवाज कमी होत गेला. अर्ध्या तासाचा पंधरा मिनिटांवर आला, मग पाचावर. टाचा भरल्या. सराव परीक्षेत सोडलेले प्रश्न चाळिसावरून बारावर आले. ती आज नांदेडला होमिओपॅथीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अधूनमधून गोळी घेते, आणि मला सणाला फोन करते. एमबीबीएस हुकलं याचं वाईट तिच्यापेक्षा मलाच जास्त वाटतं.

पण मला मौलाना आठवतात ते परीक्षेच्या दिवशीचे.

रविवार, मे महिन्याचं ऊन. तिचं सेंटर नांदेडला आलं होतं. सकाळी देगलूरहून वडिलांबरोबर जीपनं जाणार होती. वसतिगृहाच्या मुलींची काही अडचण आली तर म्हणून आम्ही दोघं ऑफिसात बसून होतो. साडेबाराच्या सुमारास मौलानांचा फोन वाजला. त्यांना ऐकायला कमी यायचं म्हणून तो कायम स्पीकरवर.

वडील घाबरलेले. "मौलाना, पोरगी गेटपाशी उभी राहून राहिली. आत जाईना. दीडला गेट बंद व्हतंय. तुम्हाला एकच विचारायचं म्हणती."

मग तिचा आवाज. धाप लागल्यासारखा. "मौलाना, घरून वजू करून निघाले. जीपमध्ये डोळा लागला. झोपलं की वजू तुटतो, पण मी बसल्या बसल्याच. माझा वजू राहिला का तुटला? एवढंच सांगा. हे शेवटचं. मग मी जाते."

मी मौलानांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. मी कधीचीच उठून उभी राहिले होते. एक शब्द बोलले असते तर ती त्या क्षणी आनंदानं आत गेली असती, आणि आत बसून तिला पुढची शंका आली असती, आणि तिथे फोन नव्हता. हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं. पण तिकडे गेट बंद होणार होतं, आणि ती न जाता परत फिरली असती तर तो दोष आयुष्यभर त्यांच्याच माथी बसला असता.

"मौलाना?" ती म्हणाली.

"माहीत न्हाई, बेटा," मौलाना म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे."

"माहीत न्हाई. जा, पेपर दे."

फोनमधून गाड्यांचे हॉर्न येत होते, कुणीतरी लाऊडस्पीकरवरून रांगेत उभं राहायला सांगत होतं. मौलानांनी डोळे मिटले होते. बऱ्याच वेळानं वडिलांचा आवाज आला, "गेली. रांगेत लागली, मौलाना." आणि फोन बंद झाला.

मी खाली बसले. मौलानांनी टोपी काढली, रुमालानं डोकं पुसलं.

"सोपं होतं, मॅडम," ते म्हणाले. "मदरशातलं पहिल्या सालचं पोर बी सांगितलं असतं. जिभेवर होतं." मग म्हणाले, "खोटं बोललो मी. पर बरोबर केलो ना?"

किती बरोबर केलंत म्हणून सांगू, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "माहीत नाही, मौलाना."

ते खिडकीकडे वळून बसले. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. अर्ध्या तासानं पुन्हा. मी दरवेळी तेच म्हणाले, आणि दरवेळी ते आधीपेक्षा कठीण गेलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा खरं उत्तर माझ्या तोंडातून निसटतच होतं. ते गिळून मी पुन्हा म्हणाले, माहीत नाही.

मौलानांनी टोपी पुन्हा डोक्यावर बसवली.

"हव," ते मान डोलावत म्हणाले. "आत्ता समजलं, पोरगी तिथं कशी उभी ऱ्हायली असंल ते."